डिझेलच्या दिवसांचं वऱ्हाड

वाफेच्या इंजिनावर प्रेम करणं सोपं आहे. त्याच्यासाठी संग्रहालयं उभी राहिली, टपाल तिकिटं निघाली, बालगीतं लिहिली गेली. विजेच्या इंजिनाला सरकारी अहवालांत मानाचं पान मिळालं. या दोघांच्या मधल्या डिझेल इंजिनाच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. ते काळा धूर सोडत आलं, दोन पिढ्यांना वाहून नेलं आणि एक दिवस यार्डाच्या कडेला लिलावाची वाट पाहत उभं राहिलं. पुढच्या पानांत अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या त्या इंजिनांची छायाचित्रं, टिपणं आणि आठवणी आहेत. त्या वाचण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे: डिझेलचा काळ समजून घ्यायचा असेल तर वऱ्हाडाइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण नकाशात आहे. मुंबई–हावडा मुख्य मार्गावर अकोला ते बडनेरा हे अंतर जेमतेम ८० किलोमीटर. एवढ्याशा पट्ट्यात तीन रुंदीचे रूळ नांदत होते. मुख्य मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. अकोल्याला त्याला उत्तर-दक्षिण छेदून जाणारी मीटरगेज, १००० मिलिमीटरची. तिचं एक टोक खांडव्याकडे, दुसरं पूर्णेकडे. आणि अकोल्यापासून ३८ किलोमीटरवरच्या मूर्तिजापूरला दोन्ही हात पसरून उभी असलेली नॅरोगेज, ७६२ मिलिमीटरची. एक हात अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर, दुसरा यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर. लोक तिला शकुंतला म्हणतात. या तिन्ही रुळांवर डिझेल आलं, पण एकाच वेळी आलं नाही आणि एकाच वेळी गेलंही नाही.

मुख्य मार्गावर भुसावळ ते नागपूर टप्प्याचं विद्युतीकरण १९९० च्या आसपास पुरं झालं. म्हणजे मेल-एक्स्प्रेस गाड्यांपुढचं डिझेल तेव्हाच मागे पडू लागलं. शकुंतलेवर मात्र १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन राबतच होतं. ते उतरलं आणि त्याच्या जागी डिझेल जोडलं गेलं, ते १५ एप्रिल १९९४ रोजी. इतिहासाच्या पुस्तकात वाफ, डिझेल आणि वीज अशा तीन पायऱ्या एकापुढे एक मांडलेल्या असतात. मूर्तिजापूरच्या स्थानकावर त्या पायऱ्या शेजारी शेजारी होत्या. एका फलाटावरून विजेचं इंजिन हावड्याची गाडी घेऊन सुसाट जायचं आणि पलीकडे वाफेचं इंजिन यवतमाळच्या गाडीला जोडलं जायचं. वाफेनंतर डिझेल आलं ते वीज आल्यावर. रेल्वेच्या जाणकारांनीही या उलट्या क्रमाकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

आधी ब्रॉडगेजविषयी. भारतीय रेल्वेवर ज्याला सरसकट 'डिझेल इंजिन' म्हटलं जायचं ते बहुतेक वेळा डब्ल्यूडीएम-२ असायचं. या अक्षरांचा अर्थ सरळ आहे: पहिलं अक्षर रुळाच्या रुंदीचं, दुसरं इंधनाचं, तिसरं कामाचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे नॅरोगेज. डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल दोन्ही ओढणारं. डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या 'अल्को'चा. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, ११२ टनांच्या वर वजन, पाच हजार लिटरची टाकी. पहिली इंजिनं १९६२ मध्ये आयात झाली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिच्या आराखड्यावरची इंजिनं वाराणसीत त्यानंतर कित्येक दशकं जन्माला येत राहिली. ज्या कंपनीचं नाव तिच्या स्वतःच्या देशात पुसलं गेलं, तिचा आवाज अकोल्या-बडनेऱ्याच्या पोरांना पाठ होता.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण छायाचित्रात तो सापडणार नाही. डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते जनित्र फिरवतं, जनित्रातून वीज निघते आणि ती वीज चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारींना मिळते. म्हणजे या इंजिनाच्या पोटात एक छोटं वीजघर असतं. ड्रायव्हरच्या हाताशी आठ नॉच असतात. गाडी सुटताना त्याने नॉच वाढवला की इंधन लगेच वाढतं, पण हवा दाबून आत ढकलणारा टर्बोचार्जर इंजिनाच्याच धुरावर फिरत असल्यामुळे त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात इंधन जास्त, हवा कमी. म्हणूनच अल्कोचं इंजिन सुटताना काळ्याकुट्ट धुराचा लोट आकाशात जायचा. मग टर्बोची शीळ चढत जायची, धूर विरळ व्हायचा आणि गाडी पळू लागायची. नव्या पिढीला हा प्रदूषणाचा देखावा वाटेल, आणि तो होताच. पण एखादं यंत्र श्वास घेताना दिसावं, ही गोष्ट आजच्या बंदिस्त आणि शांत इंजिनांत उरलेली नाही.

२६ डिसेंबर १९७७ रोजी गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. मधू दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. वर्गभेद नसलेली ही लांब पल्ल्याची गाडी मुंबईहून भुसावळपर्यंत विजेवर यायची आणि पुढे वऱ्हाडात शिरताना तिला डिझेल लागायचं. बडनेरा-अकोल्याच्या त्या वेळच्या पोरांना देशातली सर्वांत चर्चेतली गाडी डिझेलमागेच पाहायला मिळाली. हा योगायोग असला तरी आमच्या भागाला त्याचा अभिमान वाटावा असा आहे.

डिझेलचं मोल वऱ्हाडाला आणखी एका कारणाने जास्त असायला हवं. ते कारण पाण्याचं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. अकोट, दर्यापूरकडच्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो, पाणी फेसाळतं, दुरुस्ती वाढते. जिथे माणसालाच गोडं पाणी पुरत नाही, तिथे दर काही कोसांवर हजारो लिटर पाणी पिणारं इंजिन चालवणं म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. डिझेलने हा प्रश्न एका फटक्यात मिटवला. रेल्वेच्या इतिहासात हे कारण कोळशाच्या टंचाईमागे आणि इंधनाच्या दरामागे दडून राहतं. वऱ्हाडी माणसाने तरी ते पुढे आणलं पाहिजे.

आता मीटरगेजकडे वळतो आणि तिथे जरा जास्त थांबतो, कारण माझं मन तिथे गुंतलं आहे.

पूर्णा ते हिंगोली हा तुकडा १९१२ चा, निजामाच्या काळातला. हिंगोलीपासून अकोल्यावरून खांडव्यापर्यंतचा जोड मात्र स्वातंत्र्यानंतरचा, १९६० च्या सुमारास पुरा झालेला. या जोडाने राजस्थान-माळव्याकडची मीटरगेज आणि दक्षिणेकडची मीटरगेज एकमेकींना मिळाल्या. तोवर मध्ये मोठं खिंडार होतं. अकोला अचानक जयपूर आणि हैदराबादच्या मध्यावर आलं. काचीगुडा ते जयपूर धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जायची. या एका मार्गावर अजमेरचा दर्गा, ओंकारेश्वर, हिंगोलीजवळचं औंढा नागनाथ आणि नांदेडचा गुरुद्वारा अशी स्थानं ओवलेली होती. डब्यात फेटे, पगड्या, टोप्या, लुगडी, ओढण्या सगळं एकत्र दिसायचं. अकोल्याच्या फलाटावर तेलुगू, मारवाडी, निमाडी आणि वऱ्हाडी एकाच बाकावर बसायची.

या मार्गावरचं इंजिन वायडीएम-४. तेही अल्कोच्याच घराण्यातलं, पण सहा सिलिंडरचं आणि सुमारे १४०० अश्वशक्तीचं. भारतात ते १९६१ च्या सुमारास आलं आणि १९६८ पासून वाराणसीत बनू लागलं. पुढे वाराणसीहून मीटरगेजची इंजिनं टांझानिया, मलेशिया, म्यानमारपर्यंत गेली. ड्रायव्हरची केबिन एका टोकाला आणि पुढे लांबलचक सोंड. इंजिन सोंड पुढे करून धावत असलं की ड्रायव्हरला समोरचा रूळ सोंडेच्या कडेने वाकून पाहावा लागायचा. वळण आलं की रूळ एका बाजूच्या माणसाला दिसायचा आणि दुसऱ्याला नाही. म्हणून ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगायचे. केबिनमध्ये उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात गळती, आणि कानाशी सतत सहा सिलिंडरांचा धडाका. इंजिनावर प्रेम करणाऱ्यांनी हे विसरू नये की त्या प्रेमाचा मोबदला कुणीतरी केबिनमध्ये बसून चुकवत होतं.

रिकाम्या वेळी, म्हणजे गाडी क्रॉसिंगसाठी उभी असताना, वायडीएम-४ चे ठोके एकेक मोजता यायचे. सोळा सिलिंडरांत ते एकमेकांत मिसळून जातात. सहांत मिसळत नाहीत. अकोल्याला रेल्वे वसाहतीजवळ राहणारी मुलं अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची की बाहेर उभं आहे ते मोठ्या लाईनचं आहे की छोट्या. मीही त्यांतलाच एक होतो.

अकोल्याहून खांडव्याकडे निघालेली गाडी अकोट, अडगाव, हिवरखेड करत कापसाच्या सपाटीवरून वान रोडला पोहोचायची. तिथून सातपुडा. पुढे धूळघाटपर्यंतच्या चढावर या मार्गाचं सगळ्यांत मोठं आश्चर्य आहे. डोंगर सरळ चढणं शक्य नव्हतं, म्हणून आखणी करणाऱ्यांनी रुळांना गोल फिरवून स्वतःवरूनच नेलं. गाडी पूर्ण वेढा घालून वर येते आणि काही मिनिटांपूर्वी ज्या रुळावरून गेली तो रूळ खाली दिसतो. नकाशावर हा वेढा देवनागरी ४ सारखा दिसतो आणि लोक त्याला 'चार का आकडा' म्हणतात. अशी आवर्तनं भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दार्जिलिंगच्या बतासियाला पर्यटकांची रीघ लागते. धूळघाटच्या आवर्तनाची ओळख मात्र वर्षानुवर्षं फक्त गार्ड, ड्रायव्हर, कोरकू गावांतले प्रवासी आणि मूठभर रेल्वेवेडे यांनाच होती. सागाच्या जंगलात, चढावर, आठव्या नॉचमध्ये घुमणारा वायडीएम-४ चा आवाज वेढ्याच्या एका बाजूने दूर जायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचा. खिडकीशी बसलेल्याला आपलंच इंजिन समोरून येतंय असा भास व्हायचा.

एकेरी मार्ग असल्यामुळे टोकनची पद्धत होती. पुढच्या ठाण्याचा गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवता येत नसे. धावत्या इंजिनातून असिस्टंटने एका हाताने टोकन अडकवलेलं कडं फेकायचं आणि दुसऱ्या हाताने नवं उचलायचं, हा खेळ फलाटावरून पाहायला पोरं जमायची. रात्री मशालीच्या उजेडात चालणारी ही देवघेव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा रंगीत सिग्नल कोरडाच वाटणार.

पूर्णा-अकोला टप्पा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. गंमत अशी की मुख्य मार्गावरून हटलेलं मोठं डिझेल त्यामुळे अकोल्यात पूर्णेच्या बाजूने पुन्हा आलं. मीटरगेज मात्र अकोल्यालाच तुटली. खांडव्याहून आलेल्या गाडीचं इंजिन इथे सुटायचं, शेजारच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं, आणि त्या अर्ध्या तासासाठी दूरदूरचे हौशी लोक कॅमेरे घेऊन यायचे. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खांडवा मार्गही बंद झाला. अकोल्याहून अकोटपर्यंत २०२२ पासून ब्रॉडगेजची गाडी धावते. त्यापलीकडे मेळघाट आहे.

मेळघाटातून ब्रॉडगेज नेण्याबाबत माझं मत स्पष्ट आहे, आणि ते या संग्रहातल्या काही मित्रांना आवडणार नाही. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले व्याघ्र प्रकल्प ठरले तेव्हा मेळघाट त्यांत होता. मीटरगेजच्या काही मोजक्या गाड्या जंगलातून जाणं वेगळं आणि रुंद रुळांवरून रात्रंदिवस मालगाड्या धावणं वेगळं. धूळघाटच्या आवर्तनावर माझं कितीही प्रेम असलं, तरी जंगलाबाहेरून वळसा घालणारा मार्गच योग्य आहे असं मला वाटतं. मात्र धूळघाट, डाबका, तुकईथड या गावांच्या माणसांचं आठवडी बाजाराला, दवाखान्याला जाण्याचं स्वस्त साधन गेलं, याची दखल वाघाची बाजू घेणाऱ्यांनीही घेतली पाहिजे. तेवढी घेतली गेलेली नाही.

शकुंतलेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाईन, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली उभी राहिली ती कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली आणि गाड्या मध्य रेल्वे चालवत राहिली. बातम्यांत ही नवलाई वारंवार येते. पण १९९४ नंतरच्या शकुंतलेचा, म्हणजे डिझेलच्या शकुंतलेचा उल्लेख आला की लिहिणारे चुटपुटतात, जणू वाफ गेली तेव्हाच तिचा जीव गेला. हे मला मान्य नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातल्या झेडडीएम वर्गातल्या त्या बुटक्या इंजिनांनी पुढची वीसएक वर्षं लाईन जिवंत ठेवली. अंजनगावची पानं, अचलपूरकडची संत्री, कारंजा-दारव्ह्याचे विद्यार्थी, बनोसा स्थानकावर उतरणारे दर्यापूरचे शेतकरी हे सगळे डिझेलच्याच गाडीतून गेले. गार्डच तिकिटं फाडायचा. गाडी चुकली तर धावत जाऊन पकडता यायची. "शकुंतला आली काय वो?" हा प्रश्न वाफेच्या काळात जितका विचारला गेला तितकाच डिझेलच्या काळातही. गेल्या दशकात तीही एकेक टप्पा करत थांबली.

अमरावती शहराच्या वाट्याला डिझेल उशिरापर्यंत राहिलं. बडनेऱ्याहून निघालेला छोटा फाटा १८७१ चा. शहराची रेल्वे म्हणजे इतकीच, असं शंभराहून जास्त वर्षं चाललं. मग मोर्शी-वरूडच्या संत्राबागांतून जाणारा नरखेड-अमरावती हा १३८ किलोमीटरचा नवा मार्ग झाला आणि सुरुवातीला तिथे डिझेलच धावलं. अमरावतीच्या तरुण रेल्वेप्रेमींची छायाचित्रं या संग्रहात आहेत ती बहुतेक त्याच मार्गावरची.

रेल्वेवेडाचा सुवर्णकाळ म्हणजे काय, हेही सांगायला हवं. तेव्हा इंजिन पाहायला जाणं म्हणजे फलाट तिकीट, खिशात वही आणि कानात शिट्टी. इंजिनाच्या अंगावर लिहिलेला क्रमांक वहीत उतरवायचा. १७ किंवा १८ हजारांच्या घरातला असला की डब्ल्यूडीएम-२, सहा हजारांच्या घरातला असला की वायडीएम-४. शेडचं नाव सोबत लिहायचं, म्हणजे ते इंजिन कुठून भटकत आलं हे कळायचं. वेळापत्रकासाठी कोलकात्याहून निघणारा जाडजूड 'इंडियन ब्रॅडशॉ' जवळ असणाऱ्याला गटात मान. कॅमेरा असलाच तर रोलमध्ये ३६ फोटो; म्हणून एक फोटो काढण्याआधी बराच विचार व्हायचा. आणि स्थानकावर 'छायाचित्रणास मनाई' अशी पाटी. त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांचं चित्रच नाही. वहीतली एक ओळ तेवढी आहे. आज तीच मुलं निवृत्तीला आली आहेत आणि वह्या माळ्यावर आहेत.

आज रेल्वेला विजेचं पूर्ण जाळं हवं आहे आणि ते बरोबरच आहे. वाराणसीच्या डिझेल कारखान्याने जुन्या डिझेलचं विजेच्या इंजिनात रूपांतर करून दाखवलं आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातूनही डिझेल गेलं. तो आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे. नॅरोगेजच्या आठवणी नागपूरच्या मोतीबाग इथल्या संग्रहालयात २००२ पासून जपल्या जात आहेत. वायडीएम-४ चा आवाज अजून ऐकायचा असेल तर महूजवळच्या पातालपाणी ते कालाकुंड या घाटात जावं. २०१८ च्या डिसेंबरात तिथे वारसा गाडी सुरू झाली. तो तुकडा एकेकाळी अकोल्याहून महूकडे जाणाऱ्या आपल्याच मीटरगेजचा होता. अकोल्याच्या मुलांना तिथे एकदा तरी न्यायला हवं.

हा संग्रह अपुरा आहे. मीनाक्षी एक्स्प्रेसच्या काळातले ड्रायव्हर, वान रोड आणि धूळघाटला रात्रपाळी केलेले पॉइंट्समन, मूर्तिजापूर शेडमधले फिटर यांच्याशी अजून पुरेसं बोलणं झालेलं नाही, आणि त्यांपैकी अनेकांचं वय ऐंशीकडे झुकलं आहे. वाचकांना एवढीच विनंती की घरात अशी कुणी वडीलधारी व्यक्ती असेल तर त्यांना बोलतं करा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. जुन्या फोटोच्या मागे इंजिनाचा क्रमांक, स्थानकाचं नाव आणि आठवेल ती तारीख पेन्सिलीने लिहा. माळ्यावरच्या वह्या रद्दीत देऊ नका.